अजून किती राहिले?

दिवाळीच्या दिवसांत गावाकडे निघालेल्या कोणत्याही मोटारीत एक प्रश्न हटकून विचारला जातो. गाडी शहराची वेस ओलांडते न ओलांडते तोच मागच्या बाकावरून आवाज येतो, "अजून किती राहिले?" विचारणारा बहुधा पाच-सहा वर्षांचा असतो, पण त्याने विचारले नसते तर थोड्या वेळाने त्याच्या आजीने विचारले असते, आणि आजी मानी असेल तर तिने मनातल्या मनात विचारले असते. चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काचेखाली आकड्यांची एक पट्टी असते. गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यापासून आजवर किती धावली ते ती इमानेइतबारे सांगते. गाव किती राहिले, हे त्या पट्टीला ठाऊक नसते.

किती आलो आणि किती राहिले ही वरवर पाहता एकाच हिशेबाची दोन टोके. एकूण अंतरातून चाललेले अंतर वजा केले की राहिलेले हाती येते, हे तिसरीतले पोरही सांगेल. परंतु या विषयाच्या नादाने जुनी पुस्तके चाळू लागलो तेव्हा मला निराळेच दिसले. चाललेले अंतर मोजण्याचे यंत्र माणसाने दोन हजार वर्षांपूर्वीच बनवले होते. राहिलेले अंतर वाटसरूला सांगण्याची सोय मात्र फार उशिरा झाली; आणि झाली तेव्हाही ती बहुतेक वेळा त्या वाटसरूसाठी नव्हतीच, दुसऱ्याच कोणासाठी होती.

आपल्या कोसापासूनच सुरुवात करू. हा शब्द संस्कृतातल्या 'क्रोश' या शब्दावरून आला, आणि क्रोश म्हणजे ओरडणे. आपण 'आक्रोश' म्हणतो त्यातला क्रोश तोच. हाक जिथवर ऐकू जाईल तिथवरचे अंतर तो कोस. पुढे कोस वाढत वाढत दोन मैलांच्या घरात गेला, आणि एवढ्या लांब हाक पोचवणारा गळा काही कोणाला सापडला नाही. पण मराठीने मूळची खूण टाकली नाही. 'घर अगदी हाकेच्या अंतरावर आहे' असे आपण आजही म्हणतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मापांचे एक प्रकरण आहे, त्यात 'गोरुत' नावाचे माप येते. गोरुत म्हणजे गाईचे हंबरणे. चार गोरुतांचे एक योजन.

या मापांना आपण अडाणी म्हणून हसतो, पण त्यांत एक गोष्ट आहे जी पुढच्या शहाण्या मापांत राहिली नाही. गाईचे हंबरणे कुठून ऐकू येते? मागे टाकलेल्या गावातून येत असेल, पण चालणाऱ्याचे कान पुढे असतात. संध्याकाळच्या वेळी दमूनभागून चाललेल्या माणसाला पुढच्या गावातली गाय ऐकू आली की त्याला कळे, आता एक गोरुत उरले. म्हणजे हे माप राहिलेल्या अंतराचे होते, आणि ते मोजण्याकरिता हातात काठी किंवा दोरी धरावी लागत नव्हती. कान असले की पुरे.

अबुल फज़लला अशा गोष्टींची मोठी हौस. 'आइने अकबरी'त त्याने ठिकठिकाणचे कोस नोंदून ठेवले आहेत. गुजरातेत साध्या गाईचे हंबरणे जास्तीत जास्त जितके लांब ऐकू येईल तो कोस, असे तो सांगतो. म्हणजे कौटिल्याची गाय शेकडो वर्षांनंतरही हंबरतच होती! बंगालची तऱ्हा याहून न्यारी. तिथे चपळ धावणारा एका दमात जेवढे धावेल तेवढे एक माप. आणि काहींच्या मते, झपझप चालणाऱ्याच्या डोक्यावर हिरवे पान ठेवले तर ते सुकेपर्यंत जेवढे अंतर कापले जाईल ते. वैशाखातला कोस आणि श्रावणातला कोस एक कसा होणार, अशी शंका वाचकांना येईल. मलाही आली. पण मग वाटले, वैशाखाच्या उन्हात चालणाऱ्याला श्रावणातला हिशेब हवाच कशाला? उन्हात पान लवकर सुकते, आणि माणूसही लवकर सुकतो.

सरकारला मात्र असले कोस परवडत नाहीत. सरकारला घोड्याची डाक, फौजेचा दाणागोटा आणि हरकाऱ्याची मजुरी ठरवायची असते. सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात रस्त्यांच्या कडेला वड लावल्याचा, आंबराया केल्याचा आणि ठराविक अंतरावर विहिरी खणल्याचा उल्लेख आहे. हा लेख ज्या स्तंभावर आहे तो दिल्लीत फिरोजशहाच्या कोटल्यात आजही उभा आहे. ते ठराविक अंतर कोणते, यावर पंडितांत वाद आहे. मूळ प्राकृत शब्दाचा अर्थ काही जण 'आठ कोस' करतात, तर काही 'अर्धा कोस'. तहानलेल्याच्या दृष्टीने हा फरक किती मोठा आहे, हे भर दुपारी उन्हात उभे राहिल्याशिवाय कळायचे नाही.

अकबराने कोस एका दोरीत बसवला: पाच हजार इलाही गजांचा एक कोस. या मापाबद्दल तो किती काटेकोर होता, हे मोन्सेराते नावाच्या जेझुइट पाद्र्याने लिहून ठेवले आहे. १५८१ साली अकबर काबूलवर चालून गेला तेव्हा हा पाद्री फौजेबरोबर होता. बादशहा आपल्या डेऱ्यातून निघाला रे निघाला की दहा फुटी काठ्या घेतलेले कामगार त्याच्या मागोमाग जमीन मोजत चालत, आणि दिवसाची मजल अशी काठीकाठीने लिहिली जाई. म्हणजे दिल्लीच्या बादशहाला आपण आज किती आलो ते इंचाइंचाने ठाऊक होते. मोजणी सुरू होई ती त्याच्या डेऱ्यापासून, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

कोसमिनार ते हेच. शेरशहाने आपल्या पाच वर्षांच्या कारकिर्दीत रस्ते आणि सराया बांधल्या, अकबराने आणि जहांगिराने ते काम पुढे नेले. आग्र्यापासून लाहोरपर्यंत दर कोसाला एक मिनार आणि दर तीन कोसांना एक विहीर करावी, असा हुकूम जहांगिराने १६१९ साली दिला, असे तो आपल्या आत्मचरित्रात सांगतो. विटाचुन्याचे हे गोल, भरीव, वर निमुळते होत गेलेले खांब आज हरियाणात शेताशेतांतून उभे दिसतात; दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारातही एक आहे, आणि वाघ बघायला आलेली मंडळी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. तीसेक फूट उंचीचा हा मिनार दुरून दिसे, धुक्यात रस्ता चुकू देत नसे. पण तो मुका होता. त्याच्यावर ना गावाचे नाव, ना आकडा. एक कोस झाला, एवढेच तो सांगे. किती झाले हे ज्याने निघाल्यापासून बोटे मोडली असतील त्याला कळे; किती राहिले हे, एकूण किती हे ज्याला आधीच ठाऊक असेल त्यालाच.

दक्षिणेत, आपल्या मुलखात, असले मिनार नव्हते. मराठी वाटसरू मजलांनी मोजी. मजल म्हणजे एका दिवसाची चाल. तिची लांबी पायांवर, ओझ्यावर, घाटावर आणि नदीच्या उतारावर ठरे. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे निघाले. ऐन धामधुमीत सापडून, हाल काढून परत आले आणि पुढे पुष्कळ वर्षांनी त्यांनी ती हकीकत लिहिली. ती 'माझा प्रवास' या नावाने १९०७ साली छापली गेली. ते पुस्तक वाचताना आपल्याला कोस भेटतात, मुक्काम भेटतात. मैल फारसे आठवत नाहीत. इंग्रजांच्या मुलखातून चाललेल्या त्या भिक्षुकाच्या डोक्यातला नकाशा कोसांचाच होता.

मुक्कामांनी अंतर मोजण्याची ही रीत अगदी जिवंत पाहायची असेल तर आषाढीच्या वारीत जावे. आळंदीहून निघालेल्या वारकऱ्याला पंढरपूर किती किलोमीटर राहिले असे विचारा, तो बोटावर सांगेल: "आता लोणंद, मग तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी." ही नुसती नावे नाहीत, जपमाळेचे मणी आहेत, एकेक मागे सरकतो आणि पुढचे तेवढे उरतात. वेळापूरच्या परिसरात 'धावा' होतो. येथल्या टेकडीवरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी परंपरा आहे. म्हणून पंधरा दिवस चालून पाय सुजलेली माणसे त्या उतारावर पळत सुटतात. अंतर म्हणाल तर अजून दोन-तीन मुक्कामांचे बाकी असते.

आता जरा दूर, रोमकडे जाऊ. कारण आपल्या रस्त्यावरचा मैल तिथून चालत आला आहे. रोमन शिपायाची हजार दुहेरी पावले म्हणजे एक मैल. हजाराला त्यांच्या भाषेत 'मिल्ले' म्हणतात, त्यावरून मैल. पाच फुटांचे एक दुहेरी पाऊल, म्हणून पाच हजार फुटांचा रोमन मैल. (इंग्रजांचा ५२८० फुटांचा मैल एलिझाबेथ राणीच्या काळात, १५९३ साली ठरला.) रोमनांनी रस्त्यांच्या कडेला अंतराचे खांब रोवले, आणि आपल्या खांबांवर त्यांनी आकडे कोरले. इसवी सनापूर्वी २० साली ऑगस्टसने रोमच्या भर चौकात सोन्याचा म्हणून ओळखला जाणारा एक खांब उभारला. साऱ्या साम्राज्याचे रस्ते त्या खांबापाशी येऊन मिळतात, असा त्याचा थाट.

त्याच सुमाराच्या व्हित्रूव्हियस नावाच्या स्थापत्यकाराने आपल्या दहाव्या ग्रंथात गाडीला बसवायचे एक यंत्र वर्णिले आहे. मोटारीच्या काचेखालच्या त्या आकड्यांच्या पट्टीचा तो आद्य पूर्वज. गाडीचे चाक चार फूट व्यासाचे, म्हणजे एका फेऱ्यात ते साडेबारा फूट जाते. चाकाच्या तुंब्यावर एकच दात. तो दर फेऱ्याला शेजारच्या चारशे दातांच्या चाकाला एक दात पुढे ढकलतो. चारशे फेरे झाले की ते दातेरी चाक एकदा पुरते फिरते. साडेबारा गुणिले चारशे, पाच हजार फूट. झाला एक मैल. तेवढ्यात वरच्या आडव्या चक्रातल्या भोकातून एक गोटी खाली पितळी भांड्यात 'टण्ण' करून पडते. संध्याकाळी गोट्या मोजाव्या, तितके मैल आलो.

मला या यंत्रातली एक गोष्ट फार आवडते. व्हित्रूव्हियसने खाली पडलेल्या गोट्या मोजायला सांगितल्या. पण निघताना जितके मैल जायचे तितक्याच गोट्या वर भरल्या असत्या, तर वर उरलेल्या गोट्यांनी राहिलेले अंतर दाखवले असते! तेच यंत्र, त्याच गोट्या. फक्त वाकून खाली बघण्याऐवजी मान वर करायची होती. त्याने ते सुचवले नाही. कारण त्यासाठी एकूण किती, हे निघण्यापूर्वी ठाऊक हवे, आणि ठाऊक नसलेल्या रस्त्यावर तेच कोणाला ठाऊक नसते. चीनमध्येही अशी गाडी होती. तिच्यावर बसवलेला लाकडी बाहुला दर 'ली'ला ढोल वाजवी आणि दहा ली झाले की घंटा. बादशहाच्या मिरवणुकीत ती गाडी चाले. तिचा बाहुलासुद्धा झालेलेच अंतर पिटत असे.

इंग्रजांनी हिंदुस्थानात मैलाचे दगड आणले ते आकड्यांसकट. खुद्द मुंबईत एकोणिसाव्या शतकात काळ्या दगडाचे ठोकळे रस्त्याच्या कडेला रोवले गेले, आणि त्यांवर रोमन आकडे कोरले. हे मैल मोजले गेले ते कोटातल्या सेंट थॉमस चर्चपासून, जे १७१८ साली उघडले. कालांतराने रस्ते वर चढत गेले, पदपथांचे थर बसले आणि यांतले कित्येक दगड गळ्यापर्यंत पुरले गेले. काहींवर टपऱ्यांच्या पाठी टेकल्या. अलीकडच्या वर्षांत महापालिकेने त्यांतले काही खोदून, साफसूफ करून पुन्हा उजेडात आणले.

या दगडांपाशी मी बराच घुटमळलो आहे. दादरच्या बाजूला दगडावर पाचाचा रोमन आकडा आहे असे समजा. कोटाकडे निघालेल्या कारकुनाला तो सांगतो, अजून पाच मैल राहिले. पण कोटातून बाहेर, शीव-ठाण्याकडे निघालेल्या भाजीवाल्याला तो काय सांगतो? पाच मैल झाले. त्याचे घर किती राहिले याच्याशी दगडाला कर्तव्य नाही. दगड एकच, आकडा एकच. तो राहिलेले अंतर सांगतो ते केवळ सत्तेच्या दारी निघालेल्याला. अकबराच्या मोजणीदारांची काठी डेऱ्यापासून सुरू होई, त्यातलाच हा प्रकार. शिवाय आकडे रोमन. मुंबईच्या रस्त्यावर त्या काळी बैलगाडी हाकणाऱ्या किती जणांना ते वाचता येत असतील? दगड त्यांच्या वाटेत होता, त्यांच्यासाठी नव्हता.

नागपूरच्या 'झीरो माइल'चा स्तंभ पुष्कळांनी पाहिला असेल. साऱ्या हिंदुस्थानातली अंतरे येथून मोजतात, असे नागपूरकर पाहुण्याला अभिमानाने सांगतात. वस्तुतः तेथला १९०७ सालचा दगड हा महासर्वेक्षणातला समुद्रसपाटीपासून उंची मोजण्याचा खुणेचा दगड आहे. पण शेजारच्या खांबावर हैद्राबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल अशी अंतरे कोरलेली आहेत, त्यामुळे समजूत पक्की झाली. आणि चार घोडे उधळलेले असल्यावर कोण शंका घेतो?

हळूहळू दगडाला कंठ फुटला, तो पुढच्या गावाचे नाव सांगू लागला. माझ्या मते रस्त्यांच्या इतिहासातली ही फार मोठी घटना होती, जरी कोणत्याही बखरीत तिची नोंद नाही. राजधानीच्या आकड्याच्या जोडीला पाटण, इस्लामपूर, संगमनेर अशी साधी नावे दगडावर आली. आपण जिथे चाललो आहोत त्या गावाचे नाव आणि त्यापुढे आकडा. हे दगड चुन्याने रंगवण्याचे, त्यांच्यावर चढलेले गवत काढण्याचे आणि रस्त्याचे खड्डे बुजवण्याचे काम ज्या मजुराकडे असे त्याला 'मैलकुली' म्हणत. मैल गेले, तरी बांधकाम खात्यात हा शब्द कितीतरी वर्षे टिकून राहिला. रणरणत्या उन्हात डोक्याला फडके गुंडाळून आकड्यांत काळा रंग भरणारा मैलकुली आमच्या पिढीने पाहिला आहे. प्रवाशांचा आणि त्याचा संबंध काय? पण रात्री दिव्याच्या झोतात आकडा स्पष्ट दिसे, तो त्याच्यामुळे.

वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, १९५७ च्या एप्रिलात नवा पैसा आला, आणि साठीच्या दशकात रस्त्यावरचे मैल जाऊन किलोमीटर आले. बाजारातल्या शेराच्या जागी आलेल्या किलोबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे; रस्त्यावरच्या बदलाबद्दल कमी. वास्तविक तो बदल मनाला जास्त झोंबणारा होता, कारण सारी गावे एकाएकी लांब गेली. काल तीस मैलांवर असलेले गाव आज अठ्ठेचाळीस झाले!

त्या दिवसांतला एक प्रवास मला चांगला आठवतो. आमच्या आजीला दुखणे विकोपाला गेल्याने चिपळूणहून मिरजेच्या दवाखान्यात न्यायचे होते. एका ओळखीच्या व्यापाऱ्याची जीप मिळाली. काका चालवत होते, आजी मागे आईच्या मांडीवर डोके ठेवून आडवी, मी पायांशी. कुंभार्लीचा घाट चढून वर आलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. आजी दर थोड्या वेळाने विचारी, "किती राह्यलं रे बाबा?" काका दगड वाचत, पण वाचलेला आकडा सांगत नसत. कोयनानगर मागे पडल्यावर एका दगडावर 'कऱ्हाड ४८' असे मी वाचले. काका म्हणाले, "आई, पंधरा कोस. पाटण आलं की निम्मं उरकलं समज." आजीला किलोमीटर कळत नव्हता, आणि कळला असता तर अठ्ठेचाळीस ऐकून तिचा धीर सुटला असता. कोसांचा हिशेब बरोबर होता. पण 'निम्मं उरकलं' हे काही खरे नव्हते. कऱ्हाडच्या पुढे इस्लामपूर होते, सांगली होती, आणि मग मिरज. आजीने पुढे ते विचारलेच नाही. पाटण आले, तिने "आलं का पाटण?" एवढे विचारले आणि डोळे मिटले. उजाडताना आम्ही मिरजेत होतो. आजी त्यातून उठली, आणखी सहा वर्षे जगली. त्या रात्री काका दगडाचे आकडे मनात ठेवून तिला सोसेल तेवढेच अंतर पुढे टाकत होते, हे मला स्वतः गाडी चालवू लागल्यावर उमगले.

आज आपल्या रस्त्यावरचे दगड रंगांनी बोलतात. डोके पिवळे असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवे असेल तर राज्यमार्ग, नारिंगी असेल तर खेड्याचा रस्ता. दर पाचव्या किलोमीटरला मोठा दगड, आणि मधे दोनदोनशे मीटरांवर छोटे. एस. टी.ने तर आपले स्वतःचे माप काढले: टप्पा. सहा किलोमीटरांचा एक टप्पा, त्यावर भाडे. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली एस. टी. सुटली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या खेडुताचे राहिलेले अंतर कंडक्टरच्या तिकिटावर छापले जात आले आहे.

मोटारीने मात्र राहिलेले अंतर सांगावे, ही खटपट मोटारीइतकीच जुनी. १९०९ साली अमेरिकेत जोन्स नावाच्या गृहस्थाने एक 'जिवंत नकाशा' विकायला काढला. ग्रामोफोनच्या तबकडीसारखी कागदी तबकडी, तिच्या कडेने रस्त्यावरची वळणे आणि खुणा छापलेल्या. तबकडी एका दोरीवाटे गाडीच्या चाकाला जोडलेली. चाक फिरे तशी तबकडी फिरे, आणि काट्याखाली आपण कुठे आहोत ते येई. काट्याच्या पुढे छापलेले ते राहिलेले! एक तबकडी संपली की दुसरी चढवायची. व्हित्रूव्हियसने वर न पाहिलेल्या गोट्या अखेर कोणीतरी पाहिल्या. एवढेच की तुम्ही रस्ता सोडून चहाला आत वळलात, तर तबकडीला ते कळत नसे. ती आपली पुढे जात राही.

१९८५ साली कॅलिफोर्नियात असेच पण विजेवर चालणारे यंत्र निघाले. चाकांच्या फेऱ्या आणि होकायंत्र यांवरून ते गाडीची जागा ताडी, आणि नकाशे कॅसेटवर असत. त्याचे नाव होते 'एटाक'. हा शब्द प्रशांत महासागरातल्या कॅरोलिन बेटांवरच्या नावाड्यांचा. त्यांच्या हिशेबात होडी हलतच नाही. होडी स्थिर, आणि बाजूचे एक नेमलेले बेट ताऱ्यांच्या खालून मागे मागे सरकते. ते एकेका ताऱ्याखालून सरकले की प्रवासाचा एकेक भाग संपला. उरलेल्या ताऱ्यांइतका प्रवास बाकी. बेट डोळ्यांना दिसतही नाही, मनातच धरायचे असते. हे वाचले तेव्हा मला वारकऱ्याच्या बोटांवरची नावे आठवली. बसलेल्या जागी वाखरी जवळ येते.

आताच्या फोनची करामत तीन गोष्टींची मिळून झाली आहे. एक म्हणजे आकाशातले उपग्रह. अमेरिकन सरकार सामान्यांना मिळणाऱ्या इशाऱ्यात मुद्दाम खोट घालत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटरांनी चुके. २ मे २००० रोजी ती खोट काढून टाकली आणि फोनला कोणत्या गल्लीत आहोत ते कळू लागले. दुसरी गोष्ट एका डच तरुणाची. एड्सगर डाइक्स्ट्रा १९५६ साली ॲम्स्टरडॅममध्ये वाग्दत्त वधूबरोबर खरेदीला गेला होता. दमून दोघे कॉफी प्यायला बसली, आणि रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जवळात जवळ कसे जावे, हे गणित त्याने कागद-पेन्सिलीवाचून वीस मिनिटांत सोडवले. १९५९ साली ते छापून आले. एकूण अंतर आधी ठाऊक हवे, ही जी व्हित्रूव्हियसची अडचण, ती इथे सुटली. तिसरी गोष्ट म्हणजे आपण सारे. रस्त्यावरच्या हजारो फोनांच्या चालीवरून पुढे गर्दी किती ते ताडले जाते. त्यामुळे फोन किलोमीटरांच्या जोडीला मिनिटे सांगतो, आणि लोक पाहतात ती मिनिटेच. अंतराला पुन्हा एकदा वेळ चिकटली. बंगालच्या त्या पानाची मला इथे आठवण होते. फोनचा किलोमीटरही उन्हातला वेगळा आणि पावसातला वेगळा.

गेल्या दिवाळीत पुण्याहून उतरताना खंडाळ्याच्या घाटात आम्ही अडकलो. फोनवर अंतर बारा किलोमीटरवर ठाण मांडून बसले आणि मिनिटे मात्र पंचवीसची चाळीस, चाळीसची सत्तर झाली. १८३० साली हा घाट चाकांच्या गाड्यांना खुला झाला तेव्हा बैलांनाही एवढा वेळ लागला नसेल, असे मी म्हणालो. ते कोणालाही रुचले नाही. शेजारी सिमेंटचा ट्रक उभा होता. चालक खाली उतरून टायरला टेकून उभा, हातात थर्मासचे झाकण. त्याला विचारले, "दादा, किती वेळ लागेल?" त्याने आमच्या फोनकडे पाहिले नाही, खाली दरीकडे पाहिले. "ते खोपोलीचे दिवे दिसतायत ना, ते ह्या कठड्याच्या वर आले की समजा उतरलो. पोरांना चहा देऊ का थोडा?"